जागच्या जागी धावणारा नवरामुलगा

वर्णन खालीलप्रमाणे. नाव : दिनकरराव नारायणराव दुधाटे. राहणार : मौजे चुडावा, जिल्हा परभणी. वय : शाळेच्या दाखल्यानुसार पन्नास, मातोश्रींच्या म्हणण्यानुसार त्याहून बरेच. हुद्दा : कालवा निरीक्षक. अंगकाठी : सडपातळ, काटक. नजर : नेहमी जमिनीकडे, त्यास विनय समजू नये. अतिरिक्त कार्यभार, विनावेतन : भावकी व सोयरे यांजकडील मुलगी पाहण्याच्या प्रसंगी जातीने हजर राहून तिच्या चालण्यातील दोष हुडकणे व त्याबाबत तोंडी अभिप्राय देणे. सदर अभिप्रायाविरुद्ध अपिलाची सोय नाही. अचूकता : चालण्यातला एकही दोष यांच्या नजरेतून निसटल्याची आजवर नोंद नाही.

हा कार्यभार त्यांच्याकडे कालव्यावरूनच आला. पाण्याची पाळी नसताना कुणी कालव्याला भगदाड पाडलं, की सकाळी दिनकरराव तिथे उकिडवे बसत आणि गाळात उमटलेली पावलं बघत. "टाच दाबून चालतो, डावीकडं झुकतो. लिंबाजी हाय," असं म्हणून उठत. लिंबाजीला बोलावलं की तो कबूलही करी. मग लिंबाजीचा कुणी पुतण्या मोठ्या माणसाच्या गाडीत बसून येई आणि बोलणं पाऊसपाण्यावर जाई, हा भाग वेगळा. ओळख पटली होती, एवढं खरं.

ही कीर्ती सोयऱ्यांत पोचायला वेळ लागला नाही. ज्याला गाळातल्या पावलावरून चोर कळतो, त्याला फरशीवरच्या पावलावरून सून कळायला काय हरकत, असा लोकांनी विचार केला. मुलीला तोंडावर 'चालून दाखव' म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून 'बाळ, जरा पाणी आण' म्हणायचा रिवाज होता. त्या रिवाजापायी दिनकररावांनी न लागलेल्या तहानेवर जिल्ह्यातलं बरंच पाणी पिऊन टाकलं. मुलगी आतून तांब्या घेऊन येई, परत जाई. दिनकरराव पेल्याच्या काठावरून तिची पावलं बघत आणि बाहेर आल्यावर 'टाच घासते' किंवा 'पाऊल फेकते' एवढंच बोलत. राणीसावरगावच्या एका मुलीला त्यांनी 'अंगठा उचलून चालते' म्हणून नापास केलं. सकाळीच तिला उंबऱ्याची ठेच लागली होती, असं मागाहून कळलं. दिनकरराव म्हणाले, "आज उंबरा हाय, उद्या आन् काही निघंल. शक ऱ्हातोच."

दिवसही शक घेण्याचेच होते. विद्यापीठाचं नाव बदलावं की नाही, यावरून जिल्हा तेरा-चौदा वर्षं धुमसत होता. गावातून अनोळखी माणूस चालत गेला की लोक आधी तो कुठल्या वस्तीकडून आला ते बघत आणि मग त्याला बस म्हणायचं की नाही ते ठरवत. बौद्धवाड्यातले दत्तराव मास्तर एकदा कालव्यावर भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, तुमी निदान पायाकडं बघता. बाकीचे आधी आडनाव इचारतात." दिनकररावांना ही स्तुती वाटली. ती स्तुती होती की नाही, असा शक त्यांना मास्तर गेल्यावर आला, आणि तो पुढे कधी फिटला नाही.

तर या दिनकररावांची एकुलती एक मुलगी मनकर्णा. परभणीच्या कॉलेजात बी.ए. झालेली. आजवर ते मुलाकडच्यांच्या बाजूनं बसत आले होते, आता मुलीच्या बाजूनं बसायची पाळी आली. तिला सांगून आलेली दोन स्थळं त्यांनी शकापायीच परत लावली होती. एका मुलाचं जोडे घालणं त्यांना संशयास्पद वाटलं, दुसऱ्याचं न घालणं. आता तिसरंही परत गेलं असतं तर लोकांनी शक मुलीवर घेतला असता. आणि डोळे झाकून हो म्हणावं, तर पोरीचा जन्म कुणाच्या हाती चाललाय हे कोण बघणार? या कात्रीत ते असताना १९९२ सालच्या चैत्रात त्यांचे मेहुणे माणिकराव सेलूहून आले. माणिकराव कुसुमबाईंचे धाकटे भाऊ, सेलूला शिक्षक.

"दाजी, सोन्यावानी स्थळ हाय," बूट काढता काढताच ते म्हणाले. "तात्याराव सोळंके. जिनिंग हाय, रान हाय, जीप हाय. पोरगा बन्सीधर, शेतकीचा पदवीधर. सुपारीचं खांड तोंडात न्हाई."

"मग आतापतुर ऱ्हायला कसा?"

"सव्वीस वय हाय त्याचं. ऱ्हायला म्हणजे काय?"

"त्येच इचारायलाव. तब्येत कशी हाय?"

"तब्येतीचं तर बोलूच नका. रोज सकाळी पळतो. घरीच."

दिनकररावांनी चहाची बशी खाली ठेवली. "घरी?"

"मशीन आणलंय मुंबईहून. ट्रेडमिल म्हणतात. खाली पट्टा फिरतो, आपण वर पळायचं. जागच्या जागी."

"पळून जातो कुटं?"

"कुटंच न्हाई."

"मग पळतो कशाला?"

माणिकरावांनी चहाचा घोट घेतला. शाळेत न येणाऱ्या प्रश्नावर ते असाच घोट घेत.

"त्याला धरायला दांडे हायत का?" दिनकररावांनी विचारलं.

"हायत की. दोन्ही बाजूनं."

"हां," दिनकरराव म्हणाले. हा 'हां' कालव्याच्या भगदाडापाशी बसल्यावर निघायचा, तो होता.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. सेलूला रस्ता आहे, जिनिंगचं मैदान आहे, रेल्वेच्या कडेनं लागेल तेवढी मोकळी जागा आहे. ज्याचे पाय धड आहेत तो बाहेर पळेल. चार भिंतींत, दांड्याला धरून पळणाऱ्याच्या पायात जगाला दाखवण्यासारखं काही नसावं, किंवा लपवण्यासारखं काही असावं. शिवाय सव्वीस वर्षांचा धडधाकट माणूस कामाशिवाय पळतोच कशाला? पळायला कुणी डॉक्टरनं सांगितलं असेल, तर डॉक्टरकडे तो गेला कशाला?

आतून कुसुमबाई म्हणाल्या, "बसून ऱ्हातो म्हणून नको, पळतो म्हणून नको. मग पोरीला द्यायची कुणाला, झोपणाऱ्याला?"

 आतूनच मनकर्णाचा हसू दाबल्याचा आवाज आला, आणि दिनकररावांनी त्याचाही शक घेतला.

बघण्याचा कार्यक्रम सेलूला माणिकरावांच्या घरी ठरला. मुलाकडचे तिघे आले : तात्याराव, त्यांची थोरली विधवा बहीण चांगुणाबाई, जिच्या शब्दाबाहेर ते घर नव्हतं, आणि बन्सीधर. जीप ओट्याला इतकी लागून थांबली, की बन्सीधर जीपमधून थेट ओट्यावर उतरला आणि दाराजवळच्या खुर्चीत बसला. दिनकररावांच्या हिशोबी ते चालणं नव्हतं, ते उतरणं होतं.

पोहे झाले. चांगुणाबाईंनी पदरानं वारा घेतला. "लय ऊन हाय बाई. पोरी, जरा पाणी आण गं."

दिनकररावांच्या अंगावर काटा आला. तो आवाज, ते ऊन, ती तहान, सगळं त्यांचंच होतं, फक्त लुगड्यात. मनकर्णा उठली, आत गेली, पाणी घेऊन आली, परत गेली. चांगुणाबाईंची नजर जाताना तिच्या टाचांवर आणि येताना चवड्यांवर होती. त्यांनी एक घोट घेऊन पेला खाली ठेवला. तहान त्याहून जास्त नव्हती.

आता मुलाला कसं चालवावं? मुलाला पाणी आण म्हणता येत नाही. असा रिवाज आजवर कुणाला सुचलाच नव्हता, आणि सुचला असता तर दिनकररावांनीच तो हाणून पाडला असता.

"बन्सीधरराव," ते खिडकीपाशी जाऊन म्हणाले, "हितून शाळा काय झकास दिसती. या, बघा."

"बघितलेली आहे," बन्सीधर खुर्चीतून म्हणाला. "मी त्याच शाळेत होतो."

मग दिनकररावांनी पंखा जरा वाढवता का म्हणून बघितलं. बन्सीधर उठायच्या आत माणिकराव टुणकन उठले आणि पंखा वाढवून बसले. मेहुण्याकडे दिनकररावांनी असं पाहिलं, की माणिकरावांनी पुन्हा उठून पंखा कमी केला.

"आता आमचं घर बघायला चला," तात्याराव म्हणाले. "बायकांनी बी यावं. आता कुटं जुनं काय ऱ्हायलंय?"

घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. तिथेही जीपनंच नेलं. गाडी बन्सीधरनं चालवली. गाडी चालवणाऱ्याचे पाय दिसत नाहीत, ही गोष्ट दिनकररावांनी मनात टिपून ठेवली.

मशीन खालच्या खोलीत, सरकीच्या पोत्यांच्या शेजारी होतं. काळा रबरी पट्टा, दोन बाजूंना लोखंडी दांडे, समोर लाल आकडे उमटणारी काच. शेजारी जुना वजनकाटा. तात्यारावांनी मशीनवरचा कपडा असा काढला, जसा देवघराचा पडदा काढतात.

"ह्ये खरं तर माझ्यासाठी आणलं," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणला, छातीला बरं ऱ्हाईल, रोज चाला. पळू नका, चाला. पण मी सेलूत चालू कसा, सांगा! परवा पानपट्टीपतुर पायी गेलो, तर चौघांनी इचारलं, जीप इकली का? सांजच्याला उधारीवाले दोघं सहज म्हणून चहाला येऊन गेले. मग म्हणलं, बाहेर चालणं परवडत न्हाई. मशीन आणा."

"म्हणजे मशीन तुमच्यासाठी," दिनकरराव सावकाश म्हणाले.

"माझ्यासाठी."

"आन् पळतो ह्ये."

"मी चालतो, ह्यो पळतो. पोरगा हाय, त्याला चालणं म्हणजे म्हाताऱ्याचं काम वाटतं."

"तसं नाही काका," बन्सीधर दिनकररावांना म्हणाला. "पळण्यानं थोडक्या वेळात दम वाढतो. चालून तेवढंच साधायचं तर घटका लागते."

"घटका लागू दे की," तात्याराव म्हणाले. "पळून गुडघे गेले म्हणजे? डॉक्टर सांगतो, चालणारा म्हातारपणी बी चालतो."

बापलेकांचा हा वाद रोजचा असावा, कारण चांगुणाबाईंनी तेवढ्यात पोत्यावर बसून घेतलं. दिनकररावांना मात्र त्यात भलताच रस आला.

"माझं ऐका," ते म्हणाले. "पळताना समदे सारखेच दिसतात. चोर पळतो, त्याच्या मागं शिपाई पळतो. पाठीमागून बघितलं तर कोण कोणता, सांगता येत न्हाई. चालताना माणूस कळतो. म्हणून लपवायचं आसलं की माणूस चालत न्हाई, पळतो."



"शक आसंल तर पळून दाखवू द्या त्याला," चांगुणाबाई पोत्यावरून म्हणाल्या. "आमी पोरीला पाणी मागितलं, तुमी पोराला घाम मागा."

बन्सीधरनं चपला काढल्या, बटण दाबलं. पट्टा घुंईऽ करून सरकू लागला. आधी तो चालला, मग पळाला. दोन्ही हात दांड्यांवर.

"हात सोडा," दिनकरराव म्हणाले.

त्यानं हात सोडले. तो नीट पळत होता, टाचा सारख्या उचलत होता, खांदे पातळीत होते. दिनकरराव वाकून, बाजूला जाऊन, मागून, सगळीकडून बघत होते. दोष सापडेना, आणि दोष सापडत नाही याचाच त्यांना जास्त शक येत चालला होता. त्यांनी एकदम हात वर केला.

"थांबा! आता आसंच उतरा, आन् या इकडं. चालत."

बन्सीधरनं बटण दाबलं आणि पट्टा थांबतो न थांबतो तोच तो फरशीवर उतरला. एक पाऊल बरोबर पडलं. दुसरं पडलं ते भलतीकडेच. तिसऱ्याला तो पुढे झुकला आणि सरकीच्या पोत्याला धरून उभा राहिला.

 दिनकररावांनी फक्त मान हलवली.

"रोज मी थोडा वेळ बसतो, मग उतरतो," बन्सीधर म्हणाला. "लगेच उतरलं की जमीन हलल्यासारखी वाटते."

"जिमीन हलल्यावानी?" दिनकररावांनी खात्याच्या आवाजात विचारलं. "आमाला न्हाई हलल्यावानी वाटली. माणिकराव, तुमाला वाटली का?"

माणिकरावांना काय वाटलं ते कळलं नाही, कारण तात्याराव चिडले होते. "आवं पाव्हणे, मशीनवरून उतरलं की समद्यांना आसंच होतं! माझं बी होतं!"

"तुमचं होणारच. तुमाला छातीचं हाय."

"मग तुमी चढा वर! तुमची तर छाती धड हाय न्हवं?"

आता मागे सरणं शक्य नव्हतं. दिनकररावांनी चपला काढल्या, पँटचा काठ दुमडला, आणि वर चढले. बन्सीधरनं पट्टा हळू लावून दिला. जन्मभर कालव्याच्या कडेनं चाललेला माणूस. पण कालव्यावर पाणी वाहतं आणि कड जागेवर असते. इथे कडच वाहत होती. ते सवयीनं खाली बघत होते, आणि पायाखालून सगळं मागे, मागे, मागे चाललं होतं.

"खाली बघू नका काका. समोर बघा."

दिनकररावांना समोर बघायची सवय नव्हती. मिनिटा-दोन मिनिटांत त्यांच्या कपाळावर घाम आला. "बास," म्हणाले, "समजलं," आणि पट्टा थांबल्या थांबल्या मोठ्या ऐटीत खाली उतरले. फरशी त्यांच्या अंगावर चालून आली. ते उजवीकडे गेले, मग डावीकडे, मग मधल्या मध्ये दोन पावलं कुठेतरी टाकून वजनकाट्यावर जाऊन बसले. काट्याचा दांडा खाडकन वर गेला.

"अगं बाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "बापाची चाल बघायची ऱ्हाऊनच गेली की आपली."

"आत्याबाई, मशीनमुळं झालं ते," माणिकराव घाईघाईनं म्हणाले.

"आमच्या पोराचं बी मशीनमुळंच झालं. तवा ह्येंनी मान हलवली. आता म्या हलवू का?"

दिनकरराव काट्यावरून उठले. मुलाचं डुलणं मशीनचं मानावं, तर जन्माची पारख खोटी पडत होती. दोषाचं मानावं, तर तोच दोष आपल्याला होता आणि आपल्यावरून मुलीला लागत होता. तात्यारावांनी मशीनवर कपडा टाकला. बन्सीधर पोत्याचा दोरा उसवत उभा होता. स्थळ मोडल्यात जमा होतं. आधी कोण बोलतंय, याचीच सगळे वाट बघत होते.

दारात कुसुमबाई आणि मनकर्णा उभ्या होत्या. बोलली ती मनकर्णा.

"आबा, पाशिंजरला येळ हाय अजून. टेशनपतुर समदे पायीच जाऊ. ज्याला ज्याचं बघायचं त्याला बघून घेऊ द्या." मग बन्सीधरकडे न बघता म्हणाली, "पाणी म्या एकदा आणून दिलंय. सारखं सारखं आणणार न्हाई."

बन्सीधर हसला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच हसला, आणि चांगुणाबाईंनी ते पाहिलं.

"जीप काढू का?" तात्यारावांनी सवयीनं विचारलं.

"जीप नगं!" दिनकरराव आणि चांगुणाबाई एकदमच म्हणाले.

निघताना दारातच घोळ झाला. दिनकररावांचा रिवाज असा, की कुठेही जायचं तर ते पुढे आणि कुसुमबाई मागे. बाजार असो, लग्न असो, देवदर्शन असो. पण आज मुलाची चाल बघायची तर त्याच्या मागे राहणं भाग होतं. म्हणून ते उंबऱ्यात थांबले आणि "व्हा, व्हा म्होरं" म्हणू लागले. चांगुणाबाईंनाही मागेच राहायचं होतं.

"तुमी व्हा म्होरं, पाव्हणे."

"न्हाई, बाईमाणसाच्या आधी कसं?"

"आतापतुर तर बाईमाणसाच्या आधीच जात आलाव न्हवं?"

शेवटी दोघं सगळ्यांत मागे, एकमेकांच्या बरोबरीनं निघाले. सगळ्यांत पुढे बन्सीधर आणि मनकर्णा, मध्ये हातभर अंतर ठेवून. त्यांच्यामागे तात्याराव आणि माणिकराव. मध्ये कुसुमबाई.

तात्याराव पायी निघालेले बघून पानपट्टीवरच्या एकानं हटकलंच, "मालक, जीप कुटं हाय?"

"घरी हाय! इकली न्हाई!" तात्याराव ओरडले. पुढच्या चौकात तोच प्रश्न आला, त्यापुढे आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्यांनी उत्तर दिलं नाही, नुसता हात हलवला, जसा मिरवणुकीतून हलवतात.

मागे दिनकरराव आपल्या कामात गढले होते. नजर खाली, रस्त्याच्या धुळीवर, समोरून जाणाऱ्या पायांच्या रांगेवर. मध्ये गायी आल्या, एक हातगाडी आली. गर्दी पांगली तेव्हा चांगुणाबाई हळूच म्हणाल्या, "पाव्हणे, तुमाला लय कळतं म्हणतात. त्या म्होरच्या हिरव्या काठाच्या लुगड्याचं सांगा बरं."

दिनकररावांनी बघितलं. हिरवा काठ, खाली टाचा, चांदीची जोडवी.

"डावा पाय आखूड हाय," ते लगेच म्हणाले. "आसंल बोटभर. आताचा न्हाई, जल्मापसूनचा. कमरेत उचलून घेती, म्हणून घरात कळायचं न्हाई. लांबच्या रस्त्यावर कळतं." मग जरा थांबून, मनापासून म्हणाले, "लय सफाईनं झाकलंय. मोठी मेहनत हाय बाईची."

"कोण हाय ती?"

दिनकररावांनी नजर वर केली. लुगड्याचा हिरवा काठ, पाठीवरचा पदर, कोपराला अडकवलेली पिशवी. ती पिशवी त्यांच्याच घरची होती. तिच्यात त्यांचाच टॉवेल होता.

"मनकर्णाची आई," ते म्हणाले.

चांगुणाबाई चालायच्या थांबल्या नाहीत. थोडं अंतर गेल्यावर म्हणाल्या, "तुमाला ठाऊक न्हवतं?"

 चांगुणाबाई हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या नाहीत.

"माझे मालक बी म्होरंच चालायचे," त्या म्हणाल्या. "म्या त्येंची पाठ बघितली जल्मभर. पाठीवरचा तीळ अजून सांगंन कुटं व्हता त्यो. त्येंनी माझं काय बघितलं, देवाला ठाऊक."

रस्ता स्टेशनाकडे वळला. कुसुमबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि तशाच चालत राहिल्या. एक पाऊल, आणि मग किंचित उचलून दुसरं. दिनकररावांना आता दुसरं काही दिसेना.

"ह्ये म्या घरी सांगितलं," चांगुणाबाई म्हणाल्या, "तर स्थळ आमच्याकडूनच मोडंल. आईचा पाय आसा, तर पोरीच्या पोटच्याचा कसा, असं चार लोक म्हणतील. तुमीच म्हणला आसता, दुसऱ्याच्या पोरीला."

"म्हणलो आसतो."

"मग? आमच्या पोराचं काय म्हणता? डुलतोय का रस्त्यानं?"

दिनकररावांनी दचकून पुढे बघितलं. बन्सीधर आणि मनकर्णा केव्हाच वळणापलीकडे जाऊन स्टेशनात शिरले होते. सगळा रस्ता संपला होता.

प्लॅटफॉर्मवर तात्याराव बाकावर घाम पुसत बसले होते आणि खुशीत होते. "डॉक्टरला सांगतो, आज चाललो म्हणून. बाहेर! मशीनपेक्षा बरं वाटायलंय." मग एकदम गंभीर झाले. "तर पाव्हणे. बघितलं का?"

सगळे दिनकररावांकडे बघू लागले. मनकर्णा रुळाकडे बघत होती. तिचा पदराचा शेव तिनं बोटाला इतका घट्ट गुंडाळला होता, की बोट पांढरं पडलं होतं. बन्सीधर तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. स्थिर उभा होता, पण उभ्या माणसावरून काही सांगता येत नाही.

"बघितलं," दिनकरराव म्हणाले.

"मग?"

"आमच्याकडून हो हाय."

तात्यारावांनी बहिणीकडे बघितलं. चांगुणाबाईंनी कुसुमबाईंच्या पायांकडे नाही, तोंडाकडे बघितलं.

"आमच्याकडून बी," त्या म्हणाल्या. "सुपारी फोडायची तिथी काढा."

पाशिंजर आली. डब्यात बसल्यावर, सेलूचे दिवे मागे पडले तसे दिनकरराव कुसुमबाईंकडे सरकले. मनकर्णा पलीकडच्या खिडकीशी होती.

"पायाला काय हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणाच्या?"

"तुज्या."

कुसुमबाईंनी लुगडं घोट्यापर्यंत ओढून घेतलं. "काय न्हाई. हाय तसाच हाय."

"बोलली न्हाईस कवा."

"तुमी कवा इचारलं? तुमचे वडील मला बघायला आले, त्येंनी पाणी मागितलं, म्या आणून दिलं. त्येंनी बघितलं आसंल की. पाणी पिले आन् म्हणले, बरं हाय." त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. "तवा मला वाटलं, तुमाला सांगितलं आसंल."

वैशाखात चुडाव्याला मनकर्णा आणि बन्सीधरचं लग्न लागलं. दिनकरराव आणि कुसुमबाई यांच्या लग्नाला तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती.